अर्ध्या पानाची ओळख

माझ्या बी.एस्सी.ची फी किती होती, हे मला आठवत नाही. वडील सुपारी विकून आले की पैसे हातात देत, मी ते कॉलेजच्या खिडकीत भरत असे आणि विसरून जात असे. घरात त्या रकमेवरून कुणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. आमची वाडी काही फार मोठी नव्हती. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला, पोफळी आणि मधूनमधून माड. तेवढ्यावर आम्ही भावंडं शिकलो, नोकऱ्यांना लागलो. भाऊ मुंबईला गेले. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, ती आजवर तिथेच आहे. शिकायला पैसे लागतात हे मला माहीत होतं. त्या पैशांपायी माणसं आतून कशी मोडतात, हे मात्र मी फार उशिरा पाहिलं.

मला शाळेत घेतलं ते आमच्या मुख्याध्यापकांनी. सगळा तालुका त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचा, घरी त्यांची बायकोसुद्धा. निवृत्त झाल्यावरही ते मधल्या सुट्टीत शाळेत यायचे, स्टाफरूमच्या दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि कुठला मुलगा पुढे काय करतोय याची चौकशी करायचे. मग ते वादळ आलं. एका दुपारीत किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्याही पोफळी गेल्या. पोफळ पुन्हा लावली तरी हाताशी सुपारी यायला बरीच वर्षं जातात, आणि मुलांना काही तेवढी वर्षं बारावीत थांबता येत नाही. त्या साली चांगली हुशार मुलं घरी बसली. कुणी हरिहरेश्वरला लॉजवर कामाला लागली, कुणी रोह्याच्या कारखान्यात. सर एक दिवस स्टाफरूममध्ये आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

“आपल्या शाळेतनं शिकून गेलेली माणसं एवढी आहेत,” ते म्हणाले, “त्यांनी दरवर्षी थोडं थोडं दिलं, तरी एकही पोर घरी बसणार नाही.”

असा आमचा निधी सुरू झाला. गणपतीत मुंबईची माणसं गावी आली की सर घरोघर जायचे. मी बरोबर असायचे, कारण सरांना मधुमेह होता आणि प्रत्येक घरचा मोदक खाऊन मान राखायला कुणीतरी लागायचं. सर आधी त्या माणसाचं शाळेतलं काहीतरी काढायचे. तू बाकावर उभा राहून कसा रडला होतास, तुझी वही मांजराने कशी नासवली होती. माणूस हसायचा. मग सर निधीचं बोलायचे. क्वचितच कुणी नाही म्हणायचं. त्यातून कुणाची बी.कॉम.ची फी, कुणाचा एस.टी.चा पास, नर्सिंगला गेलेल्या एका मुलीचा गणवेश, असं सगळं निघायचं. पहिली दोन-तीन वर्षं आम्हाला खरंच वाटलं, की काम सोपं आहे, इतके दिवस कुणी केलं नव्हतं एवढंच.

मग ती मुलगी आली.

ती किनाऱ्यावरची नव्हती. आत, डोंगराच्या पलीकडे भातशेतीचं गाव, तिथून ती अकरावी-बारावीला रोज एस.टी.ने आमच्याकडे यायची. वडील पावसाळ्यात शेती करायचे आणि भात झोडून झाला की रोह्याला कंत्राटावर कामाला जायचे. ती वर्गात फार बोलायची नाही. शरीरशास्त्राचा धडा आला की मात्र तिचे प्रश्न संपत नसत. कारण मला पुढे कळलं. तिच्या चुलत्याला अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. माणगावच्या दवाखान्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दाखवून दिले आणि घरी गेल्यावर रोज करा म्हणून सांगितलं. घरात ते कुणाला नीट जमेनात. ही शाळेतून आली की ओटीवर चुलत्याला बसवायची आणि एकेक बोट सरळ करायची. असं कितीतरी महिने. एक दिवस ती तासाच्या आधी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, काकांनी आज कप धरला.” तेवढं बोलून बाकावर जाऊन बसली.

तिला फिजिओथेरपीलाच जायचं होतं. सरकारी कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली. पनवेलकडच्या एका खाजगी विद्यापीठात नंबर लागला. मुलींना सरकारची फी-सवलत मिळते असं सगळे सांगत होते, पण ती त्या विद्यापीठाला लागू नव्हती. बँकेत गेलो तर तारणाला जमीन मागितली, आणि त्यांच्या जमिनीच्या सातबारावर चुलते-आत्या मिळून एवढी नावं होती, की सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली असती. फीचा कागद सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. आमच्या वाडीला भरात असताना एका सालात जेवढी सुपारी लागायची, ती सगळी विकूनही त्या फीचा निम्मा भाग उभा राहिला नसता. आणि तो एका वर्षाचा आकडा होता.

“जमेल,” सर म्हणाले. “पहिलं वर्ष आपण काढू. पुढचं पुढे.”

पहिलं वर्ष काढलं. सर मुंबईला गेले, ठाण्याला गेले, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी मुक्कामाला राहिले. तिच्या वडिलांनी आपला वाटा आणून दिला. तो कसा उभा केला हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मुलगी होस्टेलवर गेली. दिवाळीला आली तेव्हा मला भेटायला आली, आणि चहा उकळेपर्यंत माझ्या खांद्यात किती स्नायू आहेत ते बोट लावून सांगत राहिली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी फी वाढली. होस्टेलची वाढली, मेसची वाढली, आणि ‘विकास शुल्क’ म्हणून एक नवीनच रक्कम खाली जोडलेली होती. सर पुन्हा फिरले. पण आदल्या वर्षी ज्यांनी मनापासून दिलं होतं, ती माणसं आता सरांचा फोन उचलताना दचकायला लागली होती. त्यांची स्वतःची मुलं कॉलेजात होती. एका जुन्या विद्यार्थ्याने सरांना सरळच सांगितलं, “सर, माझ्या मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी मी फ्लॅट गहाण ठेवलाय. तुम्हाला काय देऊ?” सर घरी आले आणि मला म्हणाले, “खरं होतं गं त्याचं. मीच ओशाळलो.”

अशात आमचा एक माजी विद्यार्थी मदतीला आला. तो मांडव्याच्या बाजूला मुंबईकरांच्या बंगल्यांच्या बागा सांभाळतो. त्यातल्या एका बंगल्याच्या मालकीणबाई दरवर्षी मित्रमंडळींना जेवायला बोलावून शिक्षणासाठी पैसे जमवतात, असं त्याने सांगितलं. सरांनी फोन केला. बाई फार चांगलं बोलल्या. मुलीला घेऊन या, वडिलांनाही आणा, माझे पाहुणे भेटले की त्यांना बरं वाटतं. आणि आधी मुलीची अर्ध्या पानाची ओळख लिहून पाठवा, म्हणजे मी वाचून दाखवीन.

ओळख सरांनी लिहिली. मी म्हटलं, दाखवा तरी. तर म्हणाले, पाठवूनही झाली.

आम्ही चौघं पहाटे निघालो. सर, मी, मुलगी आणि तिचे वडील. दिघीला गाडी जंगलजेट्टीच्या बोटीवर चढवून खाडी ओलांडली, मुरुड, रेवदंडा, अलिबाग करत मांडव्याला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. तिच्या वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून वाटभर ते सीटला न टेकता बसले होते. मांडीवर पिशवी होती. मी विचारलं, काय आणलंत? “तांदूळ हाय, बाई,” ते म्हणाले. “घरचा. त्यांनी बोलावलंन, तर रिकाम्या हातानं कसं जायाचं?”

बंगला छान होता, उगाच भपका नव्हता. मोठी हिरवळ, कडेने माड, पलीकडे समुद्र. गेटवेहून सकाळच्या बोटीने आलेले पाहुणे मंडपात बसले होते. मालकीणबाई स्वतः पुढे आल्या, सरांच्या पाया पडल्या, तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मुलीला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं आणि वडिलांना पुढच्या रांगेत. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या बाईंचा काडीचाही दोष नव्हता.

जेवणाआधी त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती ओळख इंग्रजीत वाचली. सरांनी मराठीत लिहिलेली, त्यांनी कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलेली. मी मागच्या रांगेत होते. मुलीची मान हळूहळू खाली जाताना मला दिसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे वडीलही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. ते बघून बाईंना वाटलं असणार, की या माणसाला काही कळलं नाही, आपल्या मुलीचं कौतुक त्यालाही कळायला हवं. त्या त्यांच्याकडे वळल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, “बाबांसाठी मी आता मराठीत वाचते.”

दुसऱ्याच वाक्यात होतं: ‘दोन वेळच्या अन्नाला महाग असलेल्या, कित्येकदा उपाशीपोटी झोपणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी...’

तिचे वडील उठले. बाईंना वाटलं त्यांना काही बोलायचंय, म्हणून त्या थांबल्या.

“बाई,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “ह्ये कुनी लिवलंन ते मला म्हायीत न्हाय. पन आमी भात पिकवतो. माज्या पोरीला मी एक दिस उपाशी निजवली न्हाय. तिच्या आयेनं न्हाय निजवली. आता तुमाला दिला तो आमचाच तांदूळ हाय.”

बाईंनी कागद खाली केला. “नाही, नाही बाबा, तसं नाही म्हणायचं...”

“फी झेपत न्हाय, ह्ये खरं हाय,” ते म्हणाले. “तेवढं लिवा. दुसरं नका लिवू.”

त्यांनी हात जोडले, मंडपातून बाहेर गेले आणि आमच्या गाडीजवळ उन्हात जाऊन उभे राहिले. सर माझ्या पुढच्या रांगेत होते. मी त्यांची फक्त पाठ पाहत होते. ते तिथून उठले नाहीत, वळूनही पाहिलं नाही.

मुलगी अजून तिथेच होती. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू काही बोलशील का?” ती उभी राहिली. “बाबा सांगतात ते खरं आहे,” ती म्हणाली. “आम्ही उपाशी नाही राहिलो. मला शिकायचंय.” आणि बसली.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, उंची कपड्यांतले, वागायला सभ्य. ते आपल्या बायकोला हळूच म्हणाले, “मग यांना खरंच गरज आहे का?” त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना प्रामाणिकपणे पडलेला प्रश्न होता. आणि मला वाटतं, त्या मंडपात तो बऱ्याच जणांना पडला होता. आमचा बागवाला विद्यार्थी सांगत होता, की या जेवणातून एखाद्या मुलाचा सगळा कोर्स निघतो, पाहुणे आपसांत एकेका वर्षाची फी वाटून घेतात. त्या दिवशी मालकीणबाईंनी एकट्यांनी त्या वर्षाची फी भरली. बाकी कुणी वर्ष घेतलं नाही.

जेवण आम्ही केलं. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी एका ताटात वाढून तिच्या वडिलांसाठी गाडीपाशी घेऊन गेले. त्यांनी ते घेतलं, बॉनेटवर ठेवलं आणि सगळं संपवलं. अन्न टाकायचं नाही, म्हणून जेवले असतील.

परत येताना आगरदांड्याला जंगलजेट्टी सुटायला वेळ होता. आम्ही गाडीतून उतरून धक्क्यावर उभे होतो. सर तिच्या वडिलांजवळ गेले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “ते मी लिहिलं होतं.”

“व्हय, मला वाटलंच,” ते म्हणाले. “गुरुजी, तुमी पोरीसाठी लिवलंत, ठावं हाय मला. पन तिच्या आयेनं ऐकलं असतं तर? ती पयला घास पोरांना घालती, मंग सोता खाती. तिला काय वाटलं असतं?”

मी सरांना कितीतरी वर्षं ओळखत होते. शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडताना पाहिलं होतं, मुलाच्या आजारपणात पाहिलं होतं. पण तोंड उघडून मिटताना त्या दिवशीच पाहिलं. शेवटी ते म्हणाले, “खरं लिहिलं होतं त्या आधी. वर्षभर खरंच लिहीत होतो सगळ्यांना. कुणी उत्तर देत नव्हतं.”

तिच्या वडिलांनी मान हलवली. बोट लागली. सरांचा पाय मधुमेहाने बधिर झालेला असायचा, फळीवरून चढताना त्यांचा तोल जाई. तिच्या वडिलांनी त्यांना दंडाला धरून चढवलं आणि पलीकडे उतरवलंही.

मुलगी दुसऱ्या वर्षाला बसली. पण काहीतरी बदललं होतं. मेसचा खर्च तरी आपण काढू म्हणून तिने पनवेलच्या एका दवाखान्यात संध्याकाळी रिसेप्शनवर बसायला सुरुवात केली. मला फोनवर सांगायची, बाई, बरं चाललंय. सुट्टीला आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. पहिल्या वर्षी ती वर्गात वरच्या मुलांत होती, दुसऱ्या वर्षी घसरली. नापास नाही झाली. फक्त घसरली.

तिसऱ्या वर्षाची फी पुन्हा वाढून आली. मांडव्याच्या बाईंनी सरांना कळवलं, की त्यांच्या मंडळींनी यंदा दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या शाळांचं काम घेतलं आहे, मनापासून क्षमस्व. सर मला म्हणाले, “आपण विद्यापीठातच जाऊ. त्यांच्याकडे काही असेलच की.”

आम्ही गेलो. काचेची उंच इमारत, आत थंडगार, आणि दाराशी माणसाच्या दुप्पट उंचीचा फलक. त्यावर टोप्या उडवणारी हसरी मुलं, आणि खाली, एका गुणी विद्यार्थ्याचं स्वप्न पूर्ण करा, आमच्या शिष्यवृत्ती निधीला हातभार लावा. सर त्या फलकासमोर थांबले. “बघ,” म्हणाले, “आहे म्हणजे.”

आतला अधिकारी तरुण होता, मराठी मुलगा, सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, निधी आहे आपला. पण तो मेरिटवर जातो. वर्गातले पहिले काहीच. यांची दुसऱ्या वर्षाची टक्केवारी त्यात बसत नाही.”

“पहिल्या वर्षी बसत होती,” मी म्हटलं. “नंतर ती संध्याकाळी नोकरी करायला लागली.”

“ते समजतं मला, मॅडम.”

“फी परवडत नाही म्हणून नोकरी केली, नोकरी केली म्हणून मार्क गेले, आणि मार्क गेले म्हणून फीला मदत नाही.”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मी इथेच शिकलोय. माझं लोन अजून चालू आहे.” त्याने हप्त्यात फी भरायची मुभा मिळवून द्यायचं कबूल केलं, आणि ती दिलीही. निघताना त्याने आम्हा दोघांचे फोन नंबर लिहून घेतले. पुढच्या महिन्यापासून सरांच्या फोनवर विद्यापीठाचे संदेश यायला लागले. आदरणीय हितचिंतक, आमच्या शिष्यवृत्ती निधीला उदार हस्ते साहाय्य करा. सर ते मला दाखवायचे. पहिल्यांदा हसले होते. नंतर नुसताच फोन पुढे करायचे.

पहिला हप्ता भरला. दुसरा भरायला निधीत पुरेसं उरलं नाही. सरांनी आपल्या पेन्शनीतून घातलेलं मला त्यांच्या बायकोकडून कळलं, आणि मी घातलं ते मी घरी सांगितलं नाही. तरी पुरलं नाही. परीक्षेच्या आधी एक दिवस दुपारी मी दहावीच्या वर्गावर असताना तिचा फोन आला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात गेले.

“बाई, मी सामान बांधलंय,” ती म्हणाली.

“थांब, सर अजून बघतायत. दोन दिवस थांब.”

“नको बाई. सरांना आता फिरायला लावू नका. मागच्या वेळी पनवेलला आले तेव्हा चप्पल पायातनं निसटली होती, त्यांना कळलंच नव्हतं. तसेच चालत होते.” मग म्हणाली, “बाबांना मी सांगितलंय. ते काही बोलले नाहीत.”

मी तिला समजवायला हवं होतं असं लोक म्हणतील. माझ्याकडे समजवायला काही नव्हतं. मी म्हटलं, “संध्याकाळच्या गाडीने ये. म्हसळ्याला मी येते.” तिने नको म्हटलं. वडील येणार होते.

आता ती माणगावला एका खाजगी इस्पितळात काउंटरवर बसते, बिलं करते. काम स्वच्छ आहे, पगार वेळेवर होतो. मी एकदा तिच्या घरी गेले होते. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, पोट भरलं तरी वाढत राहिली. चुलता ओटीवर बसलेला होता, हात पुन्हा आखडल्यासारखा छातीशी धरलेला. मी आईला विचारलं, ही व्यायाम घेत नाही का आता काकांचा? आईने आत बघितलं, मुलगी कामावर होती तरी आवाज कमी केला.

“न्हाय बाई. आल्यापास्नं हात न्हाय लावलान. आमी पन म्हनत न्हाय.”

सरांनी निधी बंद केला. त्यासाठी सभा घेतली, शाळेच्या हॉलमध्ये. बरीच माणसं आली होती. सरांनी हिशेब वाचला, आभार मानले, उरलेल्यातून शाळेला विज्ञानाची उपकरणं घेऊ असं सांगितलं. कुणीतरी उठून म्हणालं, सर, बंद कशाला, लहान लहान मदती चालू ठेवू. “तुम्ही ठेवा,” सर म्हणाले. “माझ्याच्याने आता कुणाबद्दल लिहवत नाही.” हॉलमध्ये फक्त मला त्याचा अर्थ कळला. त्यानंतर सर मधल्या सुट्टीत यायचे थांबले. त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला जाते तेव्हा ते पेपर वाचत असतात, शाळेचं काही विचारत नाहीत. मीही सांगत नाही.

यंदा बारावीचा निकाल लागल्यावर एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. त्याच बाजूच्या गावातली. मुलीला मार्क उत्तम होते. फार्मसीला जायचं होतं, एका खाजगी कॉलेजात नंबर लागेल असं कुणी सांगितलं होतं.

“बाई, शाळेचा त्यो निधी हाय का अजून?” आईने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “तो बंद झाला.”

मग मी तालुक्याच्या गावी एक छोटा कोर्स निघाल्याचं सांगितलं. दवाखान्यात, औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागता येतं, फी थोडी, घरून एस.टी.ने जाता येतं. मी चांगलं समजावून सांगितलं. मला समजावून सांगता येतं, तेच मी आयुष्यभर केलंय. आईचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. सकाळची गाडी कितीला असते, दुपारी परत यायला मिळतं का, हे ती विचारत राहिली. “बरं झालं बाई, तुमी सांगितलंत,” म्हणाली. “आमाला काय कळतंय? आमी उगा मोठ्या कालेजाच्या मागं लागलो असतो.”

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. जाताना, आई चपला घालायला बाहेर गेल्यावर, ती दारात थांबली.

“बाई, तिथनं पुढं जाता येतं का? फार्मसीला?”

“येतं,” मी म्हणाले.

नियमात तशी सोय आहे की नाही, हे मी अजूनही पाहिलेलं नाही. ती “बरं” म्हणाली आणि आईच्या मागे गेली.